तीन आठवड्यांनी आपल्या घरात

आज पहाटे ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घराचं कुलूप उघडलं. तीन आठवडे आम्ही म्युनिकमधल्या एका आजी-आजोबांच्या घरी राहिलो आणि ते आमच्या. भाडं कुणीच कुणाला दिलं नाही.

तिथे पहिल्याच रविवारी घरात दूध नव्हतं आणि दुकानं बंद. म्हटलं, निदान काचेच्या रिकाम्या बाटल्या तरी टाकून येऊ, तर शेजारणीने जिन्यातच थांबवलं. रविवारी त्या आवाजाने लोकांची शांतता मोडते म्हणे! एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकून ती परत घ्यायची. हे मात्र मला मनापासून आवडलं.

आणि इथे? समोरच्या काकू सांगत होत्या, आजींना भांडीवाल्या मावशींकडून काम करून घेणं फार अवघड जायचं. मावशी यायच्या आत त्या सगळी भांडी घासून पालथी घालायच्या. मग दोघी ओट्याजवळ चहा पीत बसायच्या, एकमेकींची भाषा येत नसताना. संध्याकाळी आजोबांसोबत तलावपाळीला एक फेरी ठरलेली.

मघाशी मावशी आल्या. माझी चौकशी नंतर, आधी विचारलं, "ताई, आजी पोचल्या का नीट?"