आमची वाटचाल : चुना साबणात नव्हता

सांगलीतल्या एका व्यापाऱ्याने दुकानाच्या पायरीवर बादली मांडली. जतकडच्या बोअरचं पाणी, त्यात आमची धुण्याच्या साबणाची वडी घासली आणि वर आलेला पांढरा गाळ गिऱ्हाइकांना दाखवला : "बघा, चुना भरतात." शेजारच्या बादलीत तो विकत असलेल्या पावडरीचा स्वच्छ फेस. दोन महिन्यांत माल परत यायला लागला. कुपवाडच्या शेडमध्ये खोक्यांची थप्पी पत्र्याला टेकली, हप्ते थकले, हिच्या पाटल्या गहाण पडल्या.

चुना पाण्यात होता. कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की न विरघळणारी साय होते आणि कपड्याला चिकटते. पण ऐकणार कोण?

तासगावचे परीटमामा तेवढे टिकले. आपल्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून एसटीने घेऊन आले. म्हणाले, "तुमच्या वडीनं धोतर मऊ राहतं. तेवढी साय घालवा." कठीणपणा, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, मोजायला ब्युरेट (थेंब थेंब द्रावण सोडणारी काचेची नळी) लावली. लाल रंग निळा व्हायला एवढा वेळ लागला की मीच चरकलो : कठीणपणा लिटरला ६४० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची शेवटची मर्यादासुद्धा ६०० आहे.

सोडा वाढवला तर हात सोलतात. ॲसिड स्लरीने, म्हणजे डिटर्जंट पावडरीतल्या फेसाळ रसायनाने, साय विखुरते, पण १०० ग्रॅम साबणामागे ४० ग्रॅमच्या आसपास घालावी लागते; मग तो साबण कसला? मिथाइल एस्टर सल्फोनेट, म्हणजे तेला-चरबीपासून केलेलं धुण्याचं रसायन, दहा ग्रॅमच्या आत भागवतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत चरबीपासून अशाच जातीचे पदार्थ करून दाखवले होते. आम्ही पामतेलाचं घेतलं आणि पहिली बॅच वाया घालवली, कारण ते साबण शिजवायच्या गरम कढईतच ओतलं. कढईतल्या कढत अल्कलीत (कॉस्टिकसारख्या क्षारात) त्याचा रेणूच फुटतो, उरतं ते नीट विरघळतही नाही. नव्याने धंद्यात येणाऱ्यांनो, हे कढईत घालू नका. साबण वाळून नूडल्स (शेवयांसारखे तुकडे) झाल्या, थंड पडल्या, की मिक्सरमध्ये घाला. आणि काचेच्या बुचाचा मेजरिंग सिलिंडर चांगला घ्या. कठीण पाण्यात साबण घालून त्यात हलवला की बुडाशी गाळ बसतो, की साय विखुरून पाणी नुसतं दुधाळ राहतं, हे डोळ्यांना दिसतं.

आमचं दुधाळ राहिलं त्या रात्री मी ते वीस वेळा हलवून पाहिलं.

पुढची वर्षं बरी गेली. पाटल्या सुटल्या. तो व्यापारीही आता आमचीच वडी ठेवतो. त्या बादलीबद्दल एक शब्द बोललेला नाही, आणि ते मला अजून लागतं. मामांचा कॅन ऑफिसात आहे. दर महिन्याला तो भरून येतो, आणि नवी बॅच आधी त्या पाण्यात हलते, मगच खोक्यात जाते.