एलईडी मास्क आणि नाकाचं दुखणं
गेले काही महिने घरीच एलईडी लाइट थेरपीचा मास्क, म्हणजे चेहऱ्यावर घालून त्वचेवर दिव्यांचा उजेड पाडणारा मुखवटा, बनवतेय, आणि खरं सांगू का, लाइटचं गणित सोपं निघालं, लाल उजेडाची तरंगलांबी ६३३ नॅनोमीटर, इन्फ्रारेडची ८३०, झालं. डोकं खाल्लं ते नाकाने! पहिला कडक प्लॅस्टिकचा आईला घातला तर पाचव्या मिनिटाला "अगं नाकाचं हाड दुखतंय, काढ हे आधी", मग मऊ सिलिकॉन आणलं, ते गालाला छान बसतं पण बॅटरी पुढे लावली की सगळं खाली ओघळतं, शेवटी बॅटरी वायरने जोडून खिशात टाकली. डोळ्यांभोवती मात्र उजेड अडवणारी मऊ कड हवीच, २०१९ मध्ये न्यूट्रोजिना या स्किनकेअर कंपनीने आपला असाच मास्क डोळ्यांच्या काळजीपोटीच परत मागवला होता. आता पट्टा आईच्या अंबाड्यात अडकतोय, ते बघते.