मॉसखाली लाकूड होतं

सर्वेक्षणाचे नमुने टेबलावर मांडत असताना विद्यार्थिनीने एक डबी पुढे केली. "मॅडम, ही मॉसमध्ये उगवली होती. गॅलेरिना हिप्नोरम लिहू का?"

आत तीन तपकिरी भूछत्रं. सर्वांत मोठ्याची टोपी जेमतेम दीड सेंटिमीटर. ओली होती तोवर मधाच्या रंगाची, कडेला बारीक रेघा. अर्ध्या तासात ती मधोमध सुकून फिकट पिवळी दिसू लागली. गॅलेरिना गटातल्या भूछत्रांचा हा स्वभावच. हिप्नोरम मॉसमध्येच वाढते, दांड्याला कडं नसतं. तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं, मीही लेबल हातात घेतलं होतं.

पण तिने मॉसचा पुंजका बुडासकट उचलून आणला होता, आणि त्याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे. सुईने मॉस विंचरत खाली गेले तर कुजलेल्या लाकडाची ढलपी लागली. दांडा तिच्यातूनच फुटला होता. भिंगाखाली तो फिरवला. वरच्या भागात गंजाच्या रंगाची पुसट रेष. झडलेल्या कड्याची खूण, तिच्यावर बीजाणू सांडलेले.

एक टोपी रात्रभर काचपट्टीवर झाकून ठेवली. सकाळी बीजाणूंचा गंजासारखा तपकिरी ठसा मिळाला, पण तो हिप्नोरम आणि आता मनात आलेली, लाकडावर वाढणारी, कडं असलेली मार्जिनाटा या दोन्ही जातींचा सारखाच. मग टोपीखालच्या एका पात्याचा काप घेऊन १००० पट मोठा करून पाहिला. बीजाणू सुमारे ९ मायक्रोमीटर लांब, खरबरीत, एका अंगाला गुळगुळीत चट्टा. इथवरही निकाल नाही. निकाल लागला पात्याच्या सपाट अंगावर: तिथे सुरईसारख्या पेशी उभ्या होत्या. हिप्नोरमच्या पात्यांना अशा पेशी फक्त कडेला असतात.

"अगं, ही मार्जिनाटा आहे."

ती गप्पच झाली. गॅलेरिना मार्जिनाटात अमॅटॉक्सिन नावाचं जीवघेणं विष असतं. शिजवून ते जात नाही. खाल्ल्यावर साधारण ६ ते २४ तास काहीच जाणवत नाही, आणि तेवढ्यात यकृताला इजा सुरू झालेली असते. जुन्या पुस्तकांत हीच जात ऑटम्नॅलिस, व्हेनेनॅटा अशा नावांनी विखुरलेली सापडते; २००१ मध्ये डीएनएच्या तुलनेतून ती सगळी एकच ठरली.

तिने वहीतलं 'मॉसमध्ये' खोडून 'मॉसने झाकलेल्या लाकडावर' असं लिहिलं. मग न सांगता कपाटाकडे गेली आणि 'मॉसमध्ये' लिहिलेल्या बाकीच्या सहा डब्या घेऊन आली. सुई मी तिच्याच हाती दिली.