तुम्ही विचारलंत म्हणून : गनफ्लिंटच्या काळ्या दगडाचं वय

व्याख्यान संपलं की कुणी ना कुणी हे विचारतंच : "गनफ्लिंट चर्टमध्ये जीवाश्म सापडले, म्हणजे त्या दगडाचं वय त्यांच्यावरूनच काढलं असणार ना? आणि हे बंदुकीचं नाव कुठून आलं?" दोन्ही प्रश्न मला मनापासून आवडतात. पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आहे, पण ते समजावायला थोडा वेळ लागतो.

आधी नाव. अमेरिकेतलं मिनेसोटा आणि कॅनडातलं ऑन्टारिओ यांच्या सीमेवर गनफ्लिंट नावाचं सरोवर आहे. जुन्या बंदुकीच्या चापात ठिणगी पाडायला चकमकीचा दगड लागायचा, आणि तसा दगड त्या सरोवराकाठी मिळायचा. चकमक हा चर्टचाच एक प्रकार : सिलिकेच्या (वाळूत असते त्याच द्रव्याच्या) अतिसूक्ष्म कणांचा, फोडल्यावर धारदार कडा देणारा. शैलसमूहाला नाव देताना भूशास्त्रज्ञ गावाचं, नदीचं, सरोवराचं नाव घेतात आणि त्यापुढे मुख्य खडकाचं नाव जोडतात. त्या रीतीने या शैलसमूहाचं नाव 'गनफ्लिंट आयर्न फॉर्मेशन' पडलं, कारण त्यात लोहयुक्त थर भरपूर आहेत. काळा चर्ट हा त्यातला लहानसा भाग. 'गनफ्लिंट चर्ट' हे नाव रूढ केलं ते जीवाश्मांच्या अभ्यासकांनी. त्यांना काम होतं तेवढ्याच भागाशी.

नावांची आणखी एक गंमत सांगायलाच हवी. नैर्ऋत्येला, मिनेसोटाच्या मेसाबी पट्ट्यात, याच काळातले असेच लोहथर आहेत, पण तिथे त्यांना 'बिवाबिक' म्हणतात. सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी दोन्हींच्या मधे शिलारस घुसला, थंड झाला, आणि सलग थर तुटले. त्यातून एकाच ठेव्याला दोन नावं मिळाली.

आता जीवाश्म. १९५३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाचे स्टॅन्ली टायलर लोहखनिजांचा अभ्यास करत होते. सुपीरिअर सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर, श्रायबर गावाजवळ, त्यांना काळा चर्ट मिळाला. त्याचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर आत तंतू आणि गोल दिसले. हार्वर्डचे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ एल्सो बार्घूर्न यांच्याबरोबर त्यांनी १९५४ मध्ये 'सायन्स'मध्ये छोटा लेख लिहिला. सविस्तर लेख यायला १९६५ उजाडलं, आणि टायलर १९६३ मध्येच गेले होते. त्या लेखातल्या एका गोलाकार जीवाश्माला 'इओस्फेरा टायलेराय' असं त्यांचं नाव दिलं आहे. ते वाचताना मला दर वेळी भरून येतं. बाकीची नावं त्या भूमीची : तंतूंना 'गनफ्लिंटिया', छत्रीच्या आकाराच्या जीवाला काकाबेका धबधब्यावरून 'काकाबेकिया'.

हे जीव टिकले ते सिलिकेमुळे. पेशी कुजण्याआधीच सिलिका त्यांच्याभोवती आणि आत घट्ट झाली, त्यामुळे त्या चपटल्या नाहीत. दगडाचा काळा रंगही मुख्यतः त्याच सेंद्रिय कार्बनचा. त्याच शैलसमूहातला जास्पर नावाचा लाल चर्ट लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल दिसतो. म्हणून सूक्ष्मजीव शोधणारा माणूस आधी काळ्या दगडाकडे वळतो.

मग वय जीवाश्मांवरून का नाही? जीवाश्मावरून वय काढायचं तर तो जीव थोडाच काळ जगलेला, दूरवर पसरलेला आणि चटकन ओळखू येणारा असावा लागतो. पुढच्या काळातल्या चर्टमध्ये असे जीव सापडतात. सिलिकेचे सांगाडे असलेले रेडिओलेरिया हे सूक्ष्म समुद्री जीव उत्तम उदाहरण. सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्लाने चर्ट हलकेच कोरून त्यांना बाहेर काढण्याची पद्धत १९७०च्या सुमारास रुळली आणि जपानचा भूशास्त्रीय इतिहास नव्याने मांडावा लागला. तिथले चर्टचे थर शेजारच्या चुनखडीतल्या जीवाश्मांवरून पुराजीव महाकल्पातले मानले जात. कोनोडॉन्ट (दातांसारखे सूक्ष्म जीवाश्म) आणि रेडिओलेरिया तपासल्यावर त्यांतले कितीतरी ट्रायासिक आणि जुरासिक, म्हणजे त्यानंतरच्या काळातले निघाले. चुनखडीचे ते ठोकळे दुसरीकडून येऊन गाळात मिसळलेले जुने तुकडे होते. जीवाश्मांवरून कालमापन किती ताकदीचं असतं ते इथे दिसतं.

गनफ्लिंटमधले तंतू आणि गोल मात्र फार साधे. असे आकार कोट्यवधी वर्षं जवळजवळ न बदलता टिकतात, त्यांच्यावरून काळाची नेमकी खूण मिळत नाही. चर्टचाही उपयोग नाही, कारण सिलिकेत मोजण्याजोगं किरणोत्सर्गी द्रव्य जवळपास नसतं. सुरुवातीला वयाचा अंदाज ढोबळच होता.

उत्तर मिळालं ज्वालामुखीच्या राखेतून. गनफ्लिंटचे थर साचत असताना अधूनमधून राख पडत होती. त्या राखेत झिरकॉन या खनिजाचे बारीक स्फटिक असतात. स्फटिक बनताना झिरकॉन युरेनियम सामावून घेतो, शिसं मात्र जवळपास घेतच नाही. म्हणजे आज त्यात जे शिसं आहे ते युरेनियमच्या क्षयातूनच आलेलं, आणि त्या क्षयाचा वेग ठाऊक आहे. २००२ मध्ये फ्रॅलिक, डेव्हिस आणि किसिन यांनी प्रसिद्ध केलेलं वय १८७.८ कोटी वर्षं, आणि त्यातली अनिश्चितता जेमतेम दहा-पंधरा लाख वर्षांची. एवढ्या जुन्या खडकासाठी ही अचूकता मला आजही थक्क करते.

वरच्या बाजूनेही साक्ष आहे. सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वी ऑन्टारिओतल्या सडबरी इथे प्रचंड अशनी आदळला. त्याने उडवलेला मलबा शेकडो किलोमीटर दूर, गनफ्लिंटच्या माथ्यावर पडलेला २००५ मध्ये ओळखला गेला. म्हणजे खालचे थर त्याहून जुनेच.

यावर काहीजण खिशातून काळा दगड काढतात आणि याचं वय सांगा म्हणतात. मी विचारतो, कुठे उचललात? कोणत्या थरातून? त्याच्या वर काय होतं, खाली काय होतं? ते माहीत नसेल तर मी तो चर्ट आहे एवढंच सांगू शकतो. पुढच्या वेळी दगड उचलण्याआधी जागेचा फोटो काढा आणि थरांची नोंद करा, मग आपण बोलू.