फ्वाच्या काउंटची कुत्री

जुन्या हस्तलिखितांतली चित्रे पाहताना राजे-उमराव सोडून कडेच्या नोकरचाकरांकडे पाहत बसायची माझी खोड आहे. परवा दुपारी असेच एक चित्र समोर आले: कुणी शिकारी कुत्र्याचा जबडा उघडून पाहतो आहे, कुणी दुसऱ्याचा पाय धुतो आहे. हे चित्र फ्वाचा काउंट गास्ताँ फेब्यूस याने १३८७ साली लिहायला घेतलेल्या शिकारग्रंथाच्या एका प्रतीतले. कुत्र्यांच्या घरातला पेंढा रोज बदलावा, पावसात भिजून आलेल्यांसाठी तिथे शेकोटी असावी, रात्री भांडू नयेत म्हणून एका पोराने त्यांच्यातच झोपावे, इतके सगळे हा दक्षिण फ्रान्समधला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचा बडा सरदार जिव्हाळ्याने सांगतो.

घरच्यांच्या वाट्याला मात्र यातले फारसे आले नसावे. बायको आग्नेस ही शेजारच्या नवार राज्याच्या राजाची बहीण. हुंडा पुरता चुकता झाला नाही म्हणून १३६२ साली, एकुलता एक औरस मुलगा नुकता जन्मलेला असताना, त्याने तिची माहेरी रवानगी केली. हुंड्याच्या त्या घासाघिशीत आपल्याकडचे सासरेही कमी पडले असते. पुढे मुलगा आईला भेटायला गेला, तेव्हा मामाने त्याला एक पुरचुंडी दिली आणि सांगितले, की यातली पूड बापाच्या जेवणात घातलीस तर तो तुझ्या आईला परत बोलावील. काउंटच्या ऑर्तेझ गावच्या वाड्यात ती पुरचुंडी सावत्र भाऊ इव्हँ याच्या नजरेस पडली आणि बापाने ती पूड पावाच्या तुकड्यावर टाकून एका कुत्र्याला खायला घातली. कुत्रे तिथल्या तिथे मेले.

बखरकार फ्रुआसार १३८८ साली ऑर्तेझला पाहुणा होता. ही हकिकत त्याने आडून आडून काढून घेतली. पोराला कोठडीत टाकले, तिथे त्याने अन्न सोडले. हातात नखे साफ करायची छोटी सुरी घेऊनच बाप आत आला, 'का जेवत नाहीस?' म्हणून त्याने रागाने त्याच्या गळ्यावर हात उगारला, आणि सुरीचे टोक शिरेला लागून पोर गेले. हे १३८० साल. त्यानंतर सात वर्षांनी पेंढ्याचे आणि शेकोटीचे ते प्रकरण लिहिणारा हात तोच, हे काही केल्या मला पचत नाही.

१३९१ च्या ऑगस्टमध्ये अस्वलाच्या शिकारीहून परतल्यावर, जेवणापूर्वी हातावर पाणी घेताना काउंट कोसळला. अनौरस इव्हँला वारसा मिळाला नाही. दोन वर्षांच्या आत पॅरिसच्या दरबारी नाचात सोंगाच्या कपड्यांनी पेट घेतला आणि त्यात तोही गेला.