तुम्ही विचारलंत म्हणून: पडझडीचा बुधवार

जुन्या बातम्यांचा विषय निघाला की आमच्याकडची तरुण मंडळी हटकून विचारतात, "काका, तुमच्या आठवणीतली सगळ्यात मोठी बातमी कोणती?" उत्तर त्यांनी आधीच मनात धरलेलं असतं. गोव्याच्या विलीनीकरणावरचा जनमत कौल, नाहीतर गोवा घटक राज्य झालं ते, गेला बाजार कोकण रेल्वे. मी म्हणतो, स्कायलॅब. मग ती एकमेकांकडे बघतात.

तर ऐका. ११ जुलै १९७९, बुधवार. मी तेव्हा शाळेत होतो, घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं, आणि पाऊस असा की ओल्या कपड्यांचा वास वाळत घातलेल्या दोरीपेक्षा लांब गेलेला. अमेरिकेने १९७३ साली आकाशात सोडलेली स्कायलॅब नावाची प्रयोगशाळा त्या दिवशी खाली येणार होती. ७७ टनांचं धूड. १९७४ च्या फेब्रुवारीत शेवटचे अंतराळवीर तिथून परतले, त्यानंतर ती रिकामीच फिरत होती. पुढे स्पेस शटल जाऊन तिला वर ढकलणार, असा बेत होता. शटलला उशीर झाला. त्यात सूर्याने अपेक्षेपेक्षा जास्त उचल खाल्ली, वरचं वातावरण तापून फुगलं आणि स्कायलॅबला त्याचा अडथळा होऊ लागला. आमच्या सरांनी हे फळ्यावर काढून दाखवलं. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, उद्याची चाचणी आहे ना?" सर म्हणाले, "पडली तर नाही." त्या क्षणापासून अर्धा वर्ग अमेरिकेच्या बाजूने झाला.

नासाने हिशेब दिला होता. पृथ्वीवर कोणा ना कोणाला इजा होण्याची शक्यता १५२ मध्ये एक, आणि एखाद्या ठरावीक माणसाला लागण्याची ६०० अब्जांत एक. आमच्या गावाने यातला १५२ चा आकडा तेवढा उचलला, कारण वाड्यावरची डोकी साधारण तेवढीच होती.

पण तुम्ही समजता तसे लोक भेदरून बसले नव्हते. मला विचाराल तर त्या दिवशी भीती कमी आणि सवलत जास्त होती. आमची आजी हे त्याचं उत्तम उदाहरण. मे महिन्यात भरलेलं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, तिच्या ताब्यात असे. सुकी सुंगटं (कोळंबी), खारे बांगडे, सोलं (आमसुलं), चिंच, सगळं बरण्यांत आणि मडक्यांत, वर फडकी बांधून. सुतां पुनवेपर्यंत (नारळी पौर्णिमा), म्हणजे दर्यात होड्या परत जाईपर्यंत, ते पुरलं पाहिजे म्हणून ती सुंगटं मोजल्यासारखी काढायची. त्या दिवशी दुपारी तिने आपणहून फडकं सोडलं. "मरपाचेंच जाल्यार खावन मरूंया," मरायचंच तर खाऊन मरूया, म्हणाली, आणि ओंजळभर सुंगटं तव्यावर पडली. वर ताजा खोवलेला नारळ, कांदा, मिरची, चिंचेचा कोळ. सुक्या मासळीच्या या कोशिंबिरीला आम्ही किसमूर म्हणतो; इतकी सढळ किसमूर आमच्या घरात पुन्हा झाली नाही. यात तिचं गणितही होतं. दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे वाचलो तरी मासळी नाही, आणि श्रावण तोंडावर आलेला.

पसरकाराच्या, म्हणजे वाण्याच्या, दुकानात वेगळीच गंमत. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी तिथे माझ्या जन्माच्या आधीपासून होती आणि तिच्याकडे कोणी पाहत नसे. त्या दिवशी मात्र उद्याच वादात सापडला. पसरकार म्हणे, उद्या नसेल तर आज उधार कशाला देऊ? गिऱ्हाइकं म्हणत, उद्या नसेल तर तुला पैसे हवेत कशाला? दोन्ही बाजूंना तर्क चोख होता. चहापत्तीची पुडी मात्र तशीच फळीवर राहिली.

संध्याकाळी झोपायचं कुठे यावर खल झाला. आजीचं मत देवघर. काकाला सोप्यावर बसून ती पडताना बघायची होती, जणू देवळाच्या कालोत्सवातली दारूकामाची आतषबाजी. वडील फक्त वर बघत होते. मंगळुरी कौलांतून चार ठिकाणी गळत होतं, खाली टोप नि बालद्या. "हिला आमच्या घरात यायला वेगळी वाट करावी लागणार नाही," एवढंच ते बोलले.

आता खरी बातमी. त्याच बुधवारी दिल्लीत यशवंतराव चव्हाणांनी मोरारजी देसाईंच्या सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला. आणि आमच्या गोव्यातलं शशिकलाताई काकोडकरांचं मंत्रिमंडळ तर एप्रिलमध्येच कोसळलेलं, राष्ट्रपती राजवट चालू. म्हणजे पणजीत पडून झालेलं, दिल्लीत पडायला टेकलेलं आणि वरून एक पडत असलेलं. तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, बसून लोक पैजा मारत होते त्या स्कायलॅब आधी की मोरारजी. स्कायलॅबने बाजी मारली. ती त्याच रात्री आपल्या घड्याळात दहाच्या सुमारास खाली आली. मोरारजींनी राजीनामा दिला १५ तारखेला. त्यांच्या जागी आलेले चरणसिंग तर महिनाही न भरता गेले, तेव्हा पैज लावायलाही कोणाला उत्साह उरला नव्हता.

सकाळी कळलं की तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. माणूस एकही दगावला नाही. आमची चाचणी झाली, बीजगणिताची.

ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी मात्र प्रसंग आमच्यापेक्षा चांगला साजरा केला. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्राने पहिला तुकडा आणून देणाऱ्याला दहा हजार डॉलर लावले होते. एस्परन्स गावचा सतरा वर्षांचा पोरगा घरामागे पडलेले तुकडे घेऊन विमानात बसला आणि बक्षीस घेऊन आला. त्याच महिन्यात पर्थमध्ये विश्वसुंदरी स्पर्धा होती, तिच्या मंचावर स्कायलॅबचा एक मोठा तुकडा ठेवला गेला. आणि एस्परन्सच्या नगरपालिकेने नासाला रस्त्यावर कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलर दंड ठोठावला. नासाने तो भरला नाही. २००९ साली अमेरिकेतल्या एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून ती बाकी चुकती केली.

तीस वर्षं उधारी! आमच्या पसरकाराला ही गोष्ट सांगायला तो हवा होता. वही काढून त्याने लगेच व्याज लावलं असतं.