अर्धा मिनिट मागे

७ मे २०१९. मध्यरात्र कधीच उलटून गेली होती. घरात निजानीज, कानात हेडफोन. फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, दोन सामन्यांचे गोल मिळून निकाल. पहिल्या सामन्यात बार्सिलोनाकडून ३-० असा मार बसलेला, त्यात आमचे आघाडीवीर सालाह आणि फिर्मिनो दोघंही जायबंदी. तरी ॲनफिल्डवर, म्हणजे घरच्या मैदानावर, आमच्या लिव्हरपूलनं तिन्ही गोल फेडले होते.

७९ वं मिनिट. कॉर्नर किक घ्यायला आलेला आमचा अलेक्झांडर-अर्नॉल्ड चेंडूपासून दूर चालायला लागला, गर्रकन वळला आणि बचावपटू बेसावध असतानाच त्यानं चेंडू आत मारला. ओरिगीनं तो जाळ्यात धाडला. चौथा गोल, एकूण ४-३! मला हे आधी फोनवर कळलं. माझं प्रक्षेपण अर्धा मिनिट मागे! मग पडद्यावर पाहिलं आणि तोंडावर उशी दाबून रडलो.

ॲनफिल्ड मी अजून पाहिलेलं नाही. लोक विचारतात, तुझा काय संबंध? २००५ ला इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला मिलान ३-० नं पुढे होतं आणि मी टीव्ही बंद केला नाही. आमचा कर्णधार जेरार्डनं डोक्यानं गोल मारला, हात उडवत सगळ्यांना उठवलं, आणि सहा मिनिटांत ३-३. तेव्हापासून हा संबंध.

आता सामन्याच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो.